'बुलिट'चं पार्श्वसंगीत ऐकलं कुणी?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत सिनेमातल्या गाड्यांच्या पाठलागावर पानभर लेख वाचला. छपाई सुरेख, फोटो झकास. पण लिहिणाऱ्याने सिनेमा पाहिला की नुसतं पोस्टर, अशी शंका आली. 'बुलिट'मधल्या (१९६८) पाठलागाचं 'थरारक पार्श्वसंगीत' म्हणे अंगावर काटा आणतं! साहेब, त्या पाठलागाला संगीतच नाही. दोन गाड्या एकमेकींचा माग काढत हळूहळू फिरतात तोवरच काय ते लालो शिफ्रिनचं संगीत आहे. मग गुंडांच्या डॉज चार्जर गाडीचा ड्रायव्हर शांतपणे सीटबेल्ट लावतो, टायर किंचाळतात आणि वाद्यं बंद. पुढे फक्त इंजिन, गिअर आणि रबर. काटा येतो तो त्या आवाजाने.

लेखाचा एकूण सूर असा, की लोकांना वेग आवडतो, झालं. असं असतं तर समृद्धीच्या कडेला १२० ने जाणाऱ्या गाड्या बघायला जत्रा भरली असती. माणूस बघतो ते गाडीचं वजन. ब्रेक दाबल्यावर नाक किती खाली बसलं, वळणावर कोणत्या बाजूचे शॉकअप दबले, मागचं चाक कुठे सुटलं, हे खरं दिसलं की थिएटरात बसलेला ड्रायव्हर आपोआप उजवा पाय फरशीवर दाबतो. वेग तर कॅमेऱ्यातही वाढवता येतो. सेकंदाला २४ ऐवजी १८ चित्रं घेतली आणि पडद्यावर २४ ने दाखवली, की ६० ची गाडी ८० ने पळते. ही चलाखी पकडायला गाडीकडे बघायचंच नाही. रस्त्याकडेचा माणूस तुरुतुरु चालतोय का आणि उडालेली धूळ झटकन खाली बसतेय का, ते बघायचं. 'बुलिट'मध्ये कॅमेरा नेहमीच्याच वेगाने चालवला होता आणि गाड्या ताशी ११० मैलांच्या वर, म्हणजे १७५ किलोमीटरच्या पुढे गेल्या होत्या. 'संगणकाची किमया' हे तुमचं उपशीर्षक १९६८ च्या फोटोखाली पाहून तर हात जोडले.

खरा राग वेगळाच आहे. लेखात हिरो आहे, दिग्दर्शक पीटर येट्स आहेत. मॅक्स बालचोव्स्की कुठेच नाहीत. हिरोच्या दोन मस्टँग आणि गुंडांच्या दोन चार्जर, या चारही गाड्या त्या पाठलागासाठी ज्याने तयार केल्या तो हा मिस्त्री. सॅन फ्रान्सिस्कोचा रस्ता तीव्र उताराचा, प्रत्येक चौकात सपाट, पुढे पुन्हा उतार. वेगात आलेली गाडी त्या कडेवर हवेत जाते. इंजिन पुढे, म्हणून नाक आधी आदळतं. दीडएक टनाचा तो दणका लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) आणि शॉकअप जिथे बसवतात त्या माउंटिंगवर येतो. कंपनीची माउंटिंग असली तर पत्रा फाटतो. चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, रस्त्याला लागलं तर फुटतं, ऑइल सांडतं आणि पुढच्या काही मिनिटांत इंजिन जाम. म्हणून आधी माउंटिंगला जोडपट्ट्या मारून मजबुती, कडक स्प्रिंगा, मग उडी. लांब उडी असेल तर नाक फार खाली जाऊ नये म्हणून डिकीत वजनही भरतात. आपल्याकडे हिरोची गाडी ट्रकवरून उडून पलीकडे पडते आणि पुढच्या शॉटला हेडलाइटची काचसुद्धा शाबूत!

'बुलिट'मध्ये चुका नाहीत असं नाही. तीच हिरवी बीटल गाडी पुन्हा पुन्हा मागे पडते, चार्जरच्या चारच चाकांतून चारपेक्षा जास्त व्हीलकप उडतात आणि रस्ते नकाशावर एकमेकांना जोडलेले नाहीत. तरी कोण पुढे, कोण मागे, यात क्षणभर गोंधळ होत नाही. संकलक फ्रँक केलर यांना त्या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं. हल्ली दर सेकंदाला शॉट बदलतो आणि कुणी कुणाला धडक दिली हे मित्राला विचारावं लागतं.

आता लेखासोबतची ती 'हँडब्रेक ओढा, गाडी गर्रकन फिरवा' ही चौकट. ही कुणी छापली? हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो. सिनेमाच्या गाडीला त्यासाठी बहुधा वेगळा हायड्रॉलिक दांडा बसवलेला असतो, रस्ता बंद असतो आणि ड्रायव्हर त्याच कामाचा असतो. घरच्या गाडीची केबल ढिली असेल तर एकच चाक धरतं आणि गाडी भलतीकडे तोंड करते. शिवाय गाडी बसकी आहे की उंच, यावर सगळं अवलंबून. 'कसिनो रॉयल' (२००६) या बाँडपटातली बसकी ॲस्टन मार्टिन उतारपट्टीवर चढवूनही उलटेना, शेवटी आत हवेच्या दाबाची तोफ बसवली तेव्हा तिने सात कोलांट्या घेतल्या. आपल्याकडच्या उंच जीपला तोफ लागत नाही. कोरड्या डांबरावर आडवी झाली आणि चाक साइडपट्टीच्या कडेला अडकलं की ती फुकटात उलटते. मांजरसुंब्याच्या घाटात कुणा पोराने ही चौकट वाचून हात साफ केला तर गाडी ओढून आणायला क्रेन आम्हीच पाठवायची.

उडीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. बायपासच्या फाट्यावर नवा गतिरोधक झालाय. नियमाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाईचा हवा. अलीकडे सूचना फलक आणि वर पांढरे पट्टे हवेत. इथे हातभर रुंदीचा उभा बांध घातलाय, फलक नाही, पट्टे नाहीत. रात्री त्यावर आपटून चेंबर फुटलेल्या गाड्या येतात. ज्यांचं हे काम आहे त्यांना फलक आणि दोन डबे रंग तरी लवकर मिळो, एवढी चौकट पुढच्या रविवारी छापावी.

आपला,
जालना रोडवरचा एक गॅरेजवाला, बीड