बटाट्याचं बेणं फेब्रुवारीत कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गच्चीवरच्या बागेच्या सदरात 'बटाटा वर्षभर कधीही लावा' असं छापून आलंय, ते वाचून राहवलं नाही. वर्षभर कधीही लावायला तो काय कोरफड आहे का? आमच्या सोसायटीत दोघांनी तेवढ्यावर भर फेब्रुवारीत ऑनलाइन बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, मागवलंय. झाड येईल हो, मस्त हिरवंगार येईल, पण लावल्यापासून साधारण महिनाभराने खाली बटाटा धरायला लागतो आणि त्याला रात्री थंड लागतात, १६ ते २० डिग्रीच्या आसपास. मार्चनंतर पुण्याच्या सिमेंटच्या गच्चीवर, जिथे रात्री दहालासुद्धा फरशी गरम असते, तिथे कुठून आणणार ती थंडी? मग सगळा जोर पाल्यात जातो आणि उकरलं की सुपारीएवढं काहीतरी निघतं.

आपल्याकडे घरच्या बागेसाठी खरा सीझन एकच, ऑक्टोबर हीट ओसरली की. दसरा झाला की बेणं आणा असं जुने लोक सांगतात पण ते पण दरवर्षी जमत नाही, २०२३ ला अधिक श्रावण होता म्हणून दसरा २४ ऑक्टोबरला आला, २०२५ ला २ ऑक्टोबरलाच. २ ऑक्टोबरला माती एवढी तापलेली असते की कापून लावलेलं बेणं सरळ सडतं. म्हणून माझं म्हणणं, सण सोडा, पहाटे पांघरूण घ्यावंसं वाटायला लागलं की लावायचं आणि बेणं त्याच्या पंधरा दिवस आधी घ्यायचं, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला वगैरे.

पंधरा दिवस अशासाठी की हे बेणं बहुतेक पंजाबातलं असतं, तिकडे जानेवारी-फेब्रुवारीत काढून कोल्ड स्टोरेजला २ ते ४ डिग्रीत ठेवलेलं. बाहेर काढल्यावर लगेच मातीत घालू नका, सावलीत पण उजेडात एका थरात पसरून ठेवा. कोंब आखूड, जाड, हिरवट-जांभळे आले पाहिजेत. अंधारात पोत्यात राहिलं की लांबलचक पांढरे लुळे कोंब येतात, हात लागला की तुटतात. आणि निवडताना ३०-४० ग्रॅमचं अख्खं घ्या, कापायची भानगडच नको. कुफरी पुखराज ही जात मिळाली तर उत्तम, लवकर येते.

खरिपात पण बटाटा होतो की, असं कोणी म्हणेल. होतो ना, आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर होतो. ते पठार आहे, कोथरूडची गच्ची नव्हे!

खरी अडचण अशी की मंचरला बेण्याचे ट्रक येतात पण तिथे पोतं ५० किलोचं, आपल्याला हवं दोन किलो. मग नर्सरीवाले पाकीट करून विकतात आणि उरलेलं फेब्रुवारीपर्यंत विकत बसतात. दहा घरांनी मिळून एक पोतं आणलं तर हा प्रश्नच मिटतो, आम्ही तसंच करतो. निदान नर्सरीवाल्यांनी पाकिटावर कोल्ड स्टोरेजमधून कधी काढलं ती तारीख तरी टाकावी. आणि तुमच्या सदरात पुण्यापुरता महिना छापा, तोही सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे लोकांना पोतं ठरवायला वेळ मिळेल.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे