राजम्याचे जुने वाण एका हंगामात नापास करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या शेतीच्या पानावर राजम्याच्या जुन्या, पिढ्यानपिढ्या घरचं बी ठेवून टिकवलेल्या वाणांबद्दल लेख आला होता, तो वाचला. लेख चांगलाच होता पण त्याचा निष्कर्ष काही पचला नाही. म्हणे जुने वाण सुधारित वाणांपुढे उताऱ्याला मार खातात, तेव्हा त्यांचं बी जीन बँकेत, म्हणजे बी गोठवून जपणाऱ्या साठ्यात, जमा केलं की झालं, शेतात लावायची गरज नाही. मी बियाण्यांच्या ट्रायलवर बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे हे असं वाचलं की हात शिवशिवतात, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी लेखकाचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. भरपूर खत, वेळेवर पाणी, भारी जमीन असं सगळं दिलं तर बुटका सुधारित वाण पुढे जाणारच, त्याला घडवलंच तसं आहे: ठरावीक उंचीला वाढ थांबते, शेंगा एकदम धरतात, एकदम वाळतात, काढणी सोपी. जुन्या वाणांमधले बरेचसे वेल असतात, आधार मागतात, आणि खाली शेंग वाळत असते तेव्हा वर अजून फूल चालूच असतं. शिवाय राजमा मुळात दिवस लहान असले की फुलणारं पीक, त्यामुळे विषुववृत्ताजवळचा एखादा जुना वाण उन्हाळ्यात लांब दिवस असलेल्या प्रदेशात नेऊन लावला तर नुसता पालाच वाढत बसतो, फुलायचं नाव घेत नाही. तेव्हा जुनं म्हणजे सगळं सोनंच असं म्हणणाऱ्यांतला मी नाही, उलट त्या मंडळींनी जुन्या वाणांचं नुकसानच जास्त केलंय असं माझं मत आहे, कारण आधी भलत्या अपेक्षा लावून ठेवायच्या आणि मग पहिल्याच हंगामात शेतकरी वैतागून ते बी सोडून देतो.

पण ट्रायलमध्ये नेमकं काय पेरलं होतं हे कोणी विचारतच नाही ना! सुधारित वाणाचं बी येतं प्रमाणित, रोगमुक्त. अमेरिकेत तर राजम्याचं बियाणं आयडाहोसारख्या कोरड्या भागात मुद्दाम तयार करतात, पानांवर पाऊस पडला नाही की करप्यासारखे रोग बियात शिरत नाहीत म्हणून. आणि त्याच्या शेजारच्या प्लॉटमध्ये जुन्या वाणाचं कुठलं बी? तर कोणाच्या तरी डब्यातून आणलेलं, पिढ्यानपिढ्या दमट हवेत घेतलेलं. राजम्याचा मोझॅक व्हायरस बियातूनच पुढच्या पिढीत जातो आणि मग मावा तो झाडाझाडावर पोचवतो. करप्याची बुरशीही बियातच बसून असते. शेंगेवर एकदा जवळून बघा, तांबूस काठाचा, आत खचलेला गोल डाग दिसतो, हवा ओली असली की त्याच्या मधोमध गुलाबीसर चिकट थर येतो, तेच त्या बुरशीचे बीजाणू, आणि डाग शेंगेच्या सालीतून खाली उतरला की आतल्या दाण्यालाही तपकिरी ठसा पडलेला असतो. असला दाणा पेरला की उगवतानाच दलावर, म्हणजे रोपाच्या पहिल्या जाड पानांवर, डाग. आता अशा बियाचा उतारा कमी आला तर दोष वाणाचा की आजाराचा? ही तुलना जुना विरुद्ध नवा नाहीच, आजारी विरुद्ध निरोगी आहे. आधी काही हंगाम रोगट झाडं उपटून, स्वच्छ झाडांचंच बी धरून ते वाढवा, मग ट्रायल लावा. अंतर सगळं भरून निघेल असं म्हणत नाही, पण किती अंतर वाणाचं आणि किती व्हायरसचं हे तरी कळेल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची वाटते मला. जुना वाण म्हणजे एकच एक चीज नसते. पसाभर बी ताटात ओतून निवडायला बसलं की कळतं, बहुतेक दाणे साईच्या रंगावर मरून रंगाच्या रेघांचे असले तरी त्यात चार गडद लाल, दोन उलट्या रंगाचे म्हणजे मरूनवर साई, एखादा जवळजवळ गोल, काहींच्या डोळ्याभोवती पिवळं कडं तर काहींच्या नाही. लेबलावर नाव एकच. ट्रायलवाला काय करतो, या सगळ्याची मिळून एक सरासरी काढतो, आणि ती सरासरी त्या वाणाच्या नावावर कायमची चिकटते. आत एखादी ओळ, म्हणजे एकसारख्या दाण्यांचा एकच वंश, भन्नाट असेल आणि दोन अगदीच टाकाऊ असतील, तरी सरासरीत सगळं गुडूप.

हे मिश्रण टिकतं ते फुलाच्या रचनेमुळे. राजम्याच्या फुलातली आतली पाकळी गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली असते, पुंकेसर आणि स्त्रीकेसर त्या वेटोळ्यात बंद, आणि फूल पुरतं उमलायच्या आधीच परागकण सुटतात. त्यामुळे बहुतेक बी स्वतःच्याच परागाचं, म्हणजे ताटातली ती प्रत्येक ओळ बरीचशी शुद्ध चालत राहते. भुंग्यासारखी मोठी मधमाशी मात्र जोर लावून ते फूल उघडते, त्यातून थोडासा संकर होतो, आणि मग एखाद वर्षी कोणाच्याच ओळखीचा नसलेला दाणा निघतो. घरचं बी ठेवणारी बाई तो दाणा एकतर टाकून देते नाहीतर कौतुकाने वेगळा बांधून ठेवते. अर्धं वाणनिर्मितीचं शास्त्र तिथेच झालेलं आहे, फक्त त्यावर पेपर लिहिला गेला नाही.

डीएनएचा अभ्यास झाला तेव्हा तर चित्र अजून मोठं निघालं. राजमा माणसाने एकदा नाही, दोनदा माणसाळवलाय, एकदा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडे, एकदा दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या बाजूला. २०१४ मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकांचा आराखडा, प्रसिद्ध झाला, गुणसूत्रांच्या ११ जोड्या, आणि त्यातून दिसलं की ही दोन घराणी शेतीचा पत्ताही नव्हता तेव्हापासून, लाखभर वर्षांपूर्वीच वेगळी झालेली होती. ढोबळमानाने मध्य अमेरिकेचा दाणा लहान, अँडीजचा मोठा. इतकी लांबची की काही वाणांचा आपसात संकर केला तर पहिल्या पिढीचं रोप खुरटतं आणि मरूनच जातं. युरोपात दोन्हीकडचं बी पोचलं, तिथे ते शतकानुशतकं परसात शेजारी शेजारी वाढलं, त्यामुळे तिथल्या जुन्या वाणांत दोन्ही घराण्यांचे गुण मिसळलेले सापडतात.

याचा शेताशी काय संबंध म्हणाल, तर थेट आहे. पानांवर कोनदार ठिपके पाडणारी एक बुरशी आहे, तिचेही असेच दोन गट: अँडीजकडचा गट मुख्यतः अँडीजच्याच वाणांना लागतो, मध्य अमेरिकेकडचा दोघांनाही. करप्याचंही काहीसं तसंच. बुरशी आणि पीक शेजारी राहून एकमेकांशी झुंजत आलेत, म्हणून एका घराण्याला रोगाने गाठलं की त्यावरचा उपाय बऱ्याचदा दुसऱ्या घराण्याच्या कुठल्यातरी जुन्या वाणात मिळतो. आणि एकाच जीनवर विसंबलं की काय होतं तेही बघून झालंय. मोझॅक व्हायरसला अडवणारा I नावाचा जीन सुधारित वाणांमध्ये सर्रास घातला गेला, उत्तम चालला, पण त्याच्याच भाऊबंद असलेल्या दुसऱ्या एका व्हायरसची गाठ पडली की हाच जीन झाडावर उलटतो, शिरा काळ्या, मूळ काळं, झाड खलास. मग दुसऱ्या जीनची शोधाशोध, आणि ती करायची कुठे, तर जुन्या बियातच.

रवांडाचं उदाहरण मला नेहमी द्यावंसं वाटतं. तिथे राजमा हे रोजचं मुख्य अन्न आणि शेतकरी, त्यातही बायका, वेगवेगळ्या वाणांचं मिश्रण करून पेरत आलेत, आणि ते मिश्रणही जमिनीप्रमाणे, पावसाप्रमाणे बदलत. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या संशोधकांनी जाणकार बायकांना थेट संशोधन केंद्राच्या प्लॉटवर आणून ओळी निवडायला सांगितलं, आणि त्यांनी निवडलेल्या ओळी त्यांच्या शेतात चांगल्या चालल्या. आता याच रवांडात त्याच दशकात बाहेरून आलेले उंच वेलाचे वाणही लोकांनी उत्साहाने घेतले, कारण तेवढ्याच जागेत उतारा जास्त. म्हणजे नवं नको असं कोणी म्हणत नव्हतं, लोक नवं घेऊन आपल्या मिश्रणात बसवत होते. १९९४ च्या नरसंहारानंतर राजम्याची विविधता पुसली गेली असेल अशी भीती होती, पण प्रत्यक्षात ती बऱ्यापैकी टिकलेली आढळली, कारण बी घराघरांत विखुरलेलं होतं.

उष्णतेचं तर विचारूच नका. रात्रीचं तापमान २० अंशांच्या वर राहायला लागलं की राजम्याचे पराग बिघडतात, फुलगळ होते, शेंग धरलीच तर त्यात दाणे कमी. २०१५ मध्ये कोलंबियातल्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राने, सिआटने, उष्णता सोसणाऱ्या ३० ओळी जाहीर केल्या, त्यातल्या काहींना तो गुण टेपारी नावाच्या वाळवंटी चुलतभावाकडून आलेला. हजारो नमुने हाताशी होते म्हणून हे शोधता आलं. सिआटच्या जीन बँकेत राजमा आणि त्याच्या नातलगांचे ३७ हजारांच्या वर नमुने आहेत, नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बर्फातली बियाण्यांची तिजोरीही २००८ पासून चालू आहे. जीन बँक हवीच, त्यावर वादच नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत एकाने मेक्सिकोतून नेलेल्या पिवळ्या राजम्यावर पेटंट मिळवलं होतं, ते शेवटी २००९ मध्ये कोर्टातही टिकलं नाही, त्या लढाईत सिआटने स्वतःकडच्या पिवळ्या दाण्याच्या जुन्या नमुन्यांचा दाखला दिला होता. पण गोठवलेलं बी जिथे थांबवलं तिथेच थांबतं आणि बाहेर बुरशी मात्र दरवर्षी बदलतेय, रात्री तापतायत. शेतात दरवर्षी लावलेलं मिश्रण त्या बदलासोबत थोडं थोडं सरकत राहतं, कुठली ओळ वाढली कुठली मागे पडली हे आपोआप होतं, ते काम उणे १८ अंशांत होत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की ट्रायल लावायच्या तर नीट लावा. दोन्हीकडे स्वच्छ बी, खत-पाणी भरपूर असलेला एक प्लॉट आणि तंगीचा एक, आणि किमान तीन-चार हंगाम, कारण चांगल्या वर्षी कोण जास्त देतो यापेक्षा वाईट वर्षी कोण किती खाली पडतो हा आकडा लहान शेतकऱ्याला जास्त कामाचा. मिश्रणातल्या ओळी वेगळ्या करून त्याही स्वतंत्र लावा आणि अख्खं मिश्रणही लावा. दाणा शिजायला किती वेळ घेतो हेही नोंदवा, उताऱ्याच्या तक्त्यात ते कधीच नसतं आणि घरात वाण टिकतो की जातो हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं. आणि संपादक महाशय, तुम्ही पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा एकच सरासरी आकडा न देता हंगामवार आकडे द्या आणि बी कुठून आणलं होतं, ते रोगमुक्त होतं का, ही एक ओळ तरी लेखकाकडून मागून घ्या.

आपला,
बियाण्यांच्या प्लॉटवर राबलेला एक वाचक