दहा फुटांची रिंग आणि दहा वर्षांची पोरं

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आमच्या घरासमोरच्या मैदानावर सध्या उन्हाळी बास्केटबॉल लीग चालू आहे, आणि मी गेले पंधरा-सोळा दिवस रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी उन्हं उतरली की तिथे जाऊन बसते. मी स्वतः कॉलेजात असताना इंटर-कॉलेज खेळलेली आहे, लग्नानंतर सुटलं ते सुटलंच, पण बॉल सिमेंटवर आपटल्याचा आवाज आला की अजूनही घरात बसवत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, शहाणी माणसं कुलरसमोरून हलत नाहीत, आणि हे पोट्टे पहाटे साडेपाचला डोक्यावर दुपट्टे बांधून सायकलींवर हजर असतात. हे बघून किती बरं वाटतं ते सांगू शकत नाही. मोबाइल सोडून पोरं मैदानात येत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

मोठ्या मुलांच्या मॅचेस खरंच सुंदर होतात. सतरा-अठरा वर्षांची पोरं काय लेअप मारतात, काय नो-लुक पास देतात, यूट्यूबवर बघून बघून शिकलेत आणि तसं बोलतात पण. मुलींच्या दोनच टीम आहेत पण त्यांचा डिफेन्स मुलांपेक्षा चांगला आहे, हे मी स्कोअर लिहायला टेबलवर बसलेल्या पोरालाही सांगितलं, त्याने मान्य केलं. आपल्या नागपूरची सिया देवधर भारताकडून खेळली, पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली, ही नावं या मुलींना तोंडपाठ आहेत.

पण माझं पत्र लहान गटाबद्दल आहे. बारा वर्षांखालचा गट. त्यात मुलं-मुली एकत्र खेळतात, बरेचसे नऊ-दहा वर्षांचेच आहेत. आणि त्यांना पुरुषांचा सात नंबरचा, म्हणजे सगळ्यात मोठ्या मापाचा बॉल आणि तीच दहा फूट उंचावरची रिंग.

मागच्या मंगळवारची मॅच सांगते. सहा-सहा मिनिटांचे चार क्वार्टर, आणि शेवटचा स्कोअर सहा-चार. चोवीस मिनिटांत दोन्ही टीमचे मिळून पाच बास्केट! पोरं आळशी होती म्हणून नाही हो, धावून धावून लाल झाली होती बिचारी, पण बॉल रिंगपर्यंत पोचतच नव्हता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये नऊ नंबरची जर्सी घातलेल्या मुलीवर फाउल झाला, तिला दोन फ्री थ्रो, म्हणजे लाइनवरून कोणी न अडवता मारायचे शॉट मिळाले. जेमतेम साडेचार फूट असेल ती. लाइनवर उभी राहिली, बॉल दोन वेळा टप्पे मारून घेतला, मग तो खाली उजव्या कमरेपाशी नेला, पाय वाकवले, आणि अख्खं अंग पिळून दोन्ही हातांनी गोफण फिरवल्यासारखा फेकला. बॉल जाळीला खालून लागला. दुसरा तर तिथपर्यंतही गेला नाही. बाहेरून एक बाबा ओरडले, "अगं जोर लाव ना!" तिने आधी स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं, मग तळवे शॉर्ट्सला पुसले आणि डिफेन्सला पळाली. तिच्यात जोर कमी नव्हताच, तिच्यासमोर चुकीचा बॉल आणि चुकीची रिंग होती.

मी खेळलेली आहे म्हणून सांगते, शूटिंग हे मनगटाचं काम आहे. कोपर बॉलखाली, मनगट मागे वळलेलं, सुटताना बोटं खाली. हे सगळं त्या मुलीला माहीत आहे, सराव करताना बॉलशिवाय नुसत्या हाताने ती अगदी बरोबर करून दाखवते, मी स्वतः बघितलंय. पण सात नंबरचा बॉल सहाशे ग्रॅमच्या आसपास असतो आणि तिच्या हातात मावत नाही, मग ती कमरेवरून फेकणार नाही तर काय करणार? आणि दोन उन्हाळे असं फेकलं की तीच सवय हातात बसते, पुढे चौदाव्या वर्षी कोच म्हणतो हिचा शॉट बिघडलेला आहे.

हे काही माझ्या मनाचं नाही. जागतिक संघटना फिबाचा लहान मुलांसाठी मिनी बास्केटबॉल म्हणून वेगळा प्रकारच आहे, त्यात पाच नंबरचा लहान बॉल आणि रिंग २.६० मीटरवर, म्हणजे साधारण साडेआठ फुटांवर. फ्री थ्रोची लाइनसुद्धा पुढे आणलेली असते. अमेरिकेत, जिथे हा खेळ जन्मला आणि जिथे पोरं आपल्यापेक्षा उंच असतात, तिथेही नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी नऊ फुटांची रिंग सांगितली आहे. म्हणजे ज्यांच्या एनबीए या व्यावसायिक लीगकडे बघून आपण दहा फूट दहा फूट करतो तेच लोक लहानांना दहा फूट देत नाहीत.

आणि हे दहा फूट आले कुठून? १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला हा खेळ शोधणाऱ्या जेम्स नाइस्मिथ सरांनी जिमच्या गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या, तो कठडा दहा फुटांवर होता, बस्स. कठडा नऊ फुटांवर असता तर आज जगभर नऊ फुटांची रिंग असती. शिवाय त्यांच्यासमोर खेळायला होते ते वाढलेले तरुण बाप्ये, चौथी-पाचवीतली लेकरं नव्हे.

मी आयोजकांपैकी एकांशी बोलले. माणूस भला आहे, स्वतःच्या खिशातून पाण्याचे कॅन आणतो, त्यामुळे मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. ते म्हणाले, "ताई, पालकच म्हणतात की खऱ्या रिंगवर खेळवा, लहान रिंग म्हणजे बालवाडी वाटते." मला हे ऐकून फार वाईट वाटलं. पालकहो, तुमच्या पोराला तुम्ही पहिली सायकल बावीस इंची घेऊन दिली होती का?

दुसरी गोष्ट बेंचची. एका टीममध्ये चौदा नंबरचा एक मुलगा आहे, चष्म्याला मागून दोरी बांधलेली. चार मॅचेस मी मोजल्या, एक मिनिटसुद्धा मैदानात नाही. प्रत्येक टाइमआउटला तो सगळ्यात आधी उठून बाटल्या देतो, मग खाली बसून बुटाची लेस सोडतो आणि परत बांधतो, सोडतो आणि बांधतो. कारण न जाणो, सर अचानक बोलावतील. पाचव्या मॅचला तो आलाच नाही. लीगची फी त्याच्याही वडिलांनी भरलीय ना? बारा वर्षांखालच्या गटात प्रत्येक पोराला निदान एक पूर्ण क्वार्टर खेळवायचाच असा नियम एका ओळीत लिहिता येतो, टेबलवरचं पोरगं स्कोअरशीटवर टिक करेल, त्याला पैसे पडत नाहीत.

(उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांची वाट बघत या लेकरांना साडेनऊपर्यंत उन्हात रांगेत उभं ठेवलं होतं त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, एका मुलीला घेरी आली, पण ते आज राहू द्या.)

रिंगला खर्च किती येतो असं विचाराल तर आमच्या वेळचं सांगते. आमच्या शाळेच्या सरांनी वेल्डिंगवाल्याकडून जाड सळईची एक रिंग करून घेतली होती, मागे दोन हूक, ती भिंतीतल्या खुंट्यांना अडकवायची, पाचवी-सहावीच्या मुलींसाठी खालच्या खुंट्या आणि आठवी-नववीसाठी वरच्या. तेवढ्यावर आम्ही शिकलो आणि त्यातल्या चौघी पुढे विद्यापीठाकडून खेळल्या.

परवा रविवारी मॅच नव्हती तर मी आणि तिथल्या एका तरुण कोचने एक गंमत केली. पार्किंगच्या भिंतीला कोणीतरी कधीकाळी ठोकलेली एक छोटी रिंग आहे, आठ-साडेआठ फुटांवर असेल, आणि कोच घरून भाचीचा पाच नंबरचा बॉल घेऊन आला. नऊ नंबरच्या मुलीला दहा शॉट दिले. पहिले दोन तिने सवयीने कमरेवरूनच घेतले, बॉल रिंगच्या वरून पलीकडे. मग कोच म्हणाला, "अगं इतका जोर नको, नुसतं मनगट." तिसरा शॉट कपाळासमोरून, कोपर आत, बोटं खाली. गेला! दहातले चार गेले आणि पाचवा रिंगवर फिरून बाहेर आला. त्यानंतर तिला घरी न्यायला आलेली आई पाऊण तास उभी होती.

लीग अजून दहा दिवस आहे. लहान गटाच्या सेमीफायनल आणि फायनल तरी पाच नंबरच्या बॉलने आणि खालच्या रिंगवर घ्याव्यात एवढी आयोजकांना माझी हात जोडून विनंती आहे, आणि महापालिकेने बगिच्यांमध्ये नवीन कोर्ट बांधताना एका बाजूला साडेआठ फुटांवर रिंग असलेला एक खांब जास्तीचा लावावा. शाळा पाडली तेव्हा आमच्या सरांची ती हूकवाली रिंग मी मागून घरी आणली होती, अजून माळ्यावर आहे, थोडी गंजलीय पण हूक शाबूत आहेत. कोणाला हवी असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे, येऊन घेऊन जावी, आणि चौदा नंबरच्या मुलालाही सोबत आणावं.

आपली,
एक वाचक, नागपूर