गुरुजींच्या स्की

प्रिय बंड्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग पुढे वाच. तब्येत ठीक आहे. गुडघा मधूनमधून कुरकुरतो. घरी सगळे मजेत.

तर, गुरुजींनी विमान विकलं. हो, तेच पिवळं. यंदा वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीला जायचंच नाही असं त्यांचं त्यांनी ठरवलं, कुणी नापास केलं नाही. विमान न्यायला आलेल्याला म्हणाले, चाकांवर ने, स्की (हिवाळ्यात बर्फावर उतरायला चाकांच्या जागी लावायच्या त्या लांब पट्ट्या) मिळणार नाहीत. आणि परवा त्या स्की गाडीच्या टपावर बांधून स्वतः माझ्या हँगरमध्ये आणून ठेवल्या. "बंजी दर हिवाळ्याला नवीन घाल," म्हणजे स्कीचं नाक वर ओढून धरणारी ती रबरी दोरी, एवढं बोलले आणि निघाले. चहासुद्धा घेतला नाही.

आता माझी पंचाईत समजून घे. या हिवाळ्यासाठी स्की घ्यायच्या हे माझं ठरलंच होतं, अडलं होतं ते कुठल्या घ्यायच्या यावर. तुझा सल्ला लक्षात आहे, "हायड्रॉलिकच घे, पंप मारला की चाक, पंप मारला की स्की." बंड्या, तुला दुसऱ्याच्या पैशाने नेहमीच उत्तम वस्तू सुचते. पैसे सोड, वजनाचं काय? माझ्या विमानाचं कमाल वजन १७५० पौंड. त्यात ते सिलिंडर, नळ्या, पंप टांगले की मी, पेट्रोल आणि फार तर एक सडपातळ मित्र. म्हणजे तू नाहीसच.

दुसऱ्या त्या मधे खाच असलेल्या, चाक खालून थोडंसं बाहेर डोकावणाऱ्या. पेनिट्रेशन स्की. त्यांच्यावर माझा जीव बसला होता. आमच्या धावपट्टीवरचा बर्फ नांगरून साफ करतात, हिवाळा उतरणीला लागला की डांबर उघडं पडतं. तिथे चाकावर उतरायचं, ब्रेकही मिळतो, आणि पुढे तळ्यावर जाऊन बर्फावर. पण ताज्या, खोल बर्फात तेच चाक खाली रुततं, वेग धरू देत नाही. आणि स्लशमध्ये, म्हणजे पाण्याने भिजलेल्या बर्फाच्या लगद्यात, तर विचारूच नकोस.

स्लश म्हटल्यावर तुला ते तळं आठवलं असणार. मी तेव्हाही म्हणत होतो की आधी स्की नुसत्या टेकवून लांब रेघ ओढू, वर जाऊ, वळून येऊन बघू रेघ काळी पडतेय का, म्हणजे खालून पाणी येतंय का. तू म्हणालास, बघितलं, कोरडी आहे. तो काळा डाग ढगाची सावली होती असं तू आजही सांगतोस. आकाशात ढग नव्हता, बंड्या. वरून कोरडा बर्फ आणि खाली बर्फाच्या थरावर चढलेलं पाणी. आपण दोघं गुडघाभर लगद्यात, फांद्या तोडून स्कीखाली सरकवतोय, आणि तू मला विचारतोस की डबा कुणाकडे आहे.

त्या रात्री गुरुजी ओरडतील असं वाटलं होतं. त्याऐवजी अलास्कातल्या जुन्या वैमानिकाची, बॉब रीव्हची गोष्ट सांगत बसले. १९३७ साली त्याने वॉशबर्न आणि बेट्स या गिर्यारोहकांना अलास्कातून उडून कॅनडातल्या ल्युकेनिया शिखराखालच्या वॉल्श हिमनदीवर नेऊन सोडलं, आणि अवेळी पडलेल्या उबेने विमान तिथेच स्लशमध्ये रुतलं. काही दिवसांनी, होतं नव्हतं ते सामान उतरवून, तो कसाबसा उडाला आणि परत उतरायला काही आला नाही. ते दोघं शिखर चढले आणि शंभराहून जास्त मैल चालत बाहेर पडले. "तुम्हाला निदान मी न्यायला आलो," असं म्हणाले होते. हाच रीव्ह उन्हाळ्यात अलास्कातल्या व्हाल्डेझच्या ओहोटीच्या चिखलावरून स्कीवर उडायचा, हेही तेव्हाच कळलं. साध्या स्कीचं गुरुजींना एवढं प्रेम का, याचं उत्तर त्यातच आहे. हलक्या, बिघडायला काही नाही, खोल बर्फात सगळ्यात बऱ्या. ब्रेक नसतो, पण तो नसतो हे निदान आधीपासून माहीत असतं.

आणि मला आता तेच पटलंय. धावपट्टीच्या कडेला गवताचा लांब पट्टा आहे, तिथे नांगर फिरत नाही. तिथूनच उडायचं, तिथेच उतरायचं. डांबर दिसायला लागलं की स्की काढून चाकं. अदलाबदलीची कटकट आहे, पण वर्षातून दोनदाच.

मग गुरुजींच्या स्की आहेतच की, असं तू म्हणशील. मीही तेच म्हटलं आणि आनंदाने बसवायला घेतल्या. तळाचं प्लास्टिक उत्तम, पुढची केबल, मागची केबल, सुरक्षेची जादा केबल, सगळं जागच्या जागी. सवयीने कपड्याने स्कीवरची माहितीची प्लेट पुसली. मर्यादा १५०० पौंड.

त्यांचं पिवळं विमान कमाल १२२० पौंडांचं. त्याला त्या भरपूर होत्या. माझ्या विमानाला चालणारच नाहीत. कागदावर मंजुरी नाही, आणि मंजुरी बाजूला ठेवली तरी एवढ्या कमी तळावर माझं वजन भुसभुशीत बर्फात बुडणार. बर्फावर तरंगायचं तर स्कीला रुंदी हवी, हे आपल्याला शिकवलं कुणी? उड्डाणाआधी स्कीचं नाक हाताने दाबायला लावून "बंजी तुटली तर हे टोक खाली जाईल, मग त्याला कोण धरणार?" असं प्रत्येक वेळी विचारणारा माणूस. केबल म्हणालो नाही तर विमानात बसू देत नसे. माझ्या विमानाचं वजन त्यांना माझ्या वाढदिवसापेक्षा नीट माहीत होतं. आणि त्यांनी प्लेट बघितली नाही.

किंवा बघितली आणि तरी आणून दिल्या. दोन रात्री मी एवढाच विचार करतोय. विसरले असतील तर तपासणीला न जाण्याचं कारण वेगळंच आहे. आणि विसरले नसतील तर त्या मला वापरायला दिलेल्याच नाहीत. घरच्यांना हे सांगितलं तर म्हणाले, मोठ्या घे, एवढं काय त्यात.

मोठ्या बघून ठेवल्या आहेत. जुन्याच, साध्या, रुंद, माझ्या विमानाच्या मंजूर यादीतल्या. शेपटीची स्कीही त्यांच्याबरोबर मिळतेय. पण गुरुजी पहिला बर्फ पडला की बघायला येणार आणि विमानाखाली दुसऱ्याच स्की दिसणार.

तुझं काय? नवीन घर लावून झालं का? चिमीच्या निकालाचं ऐकलं, तिला माझ्याकडून शाबासकी, बक्षीस उधार. वहिनींना नमस्कार. तुझ्या नोकरीचं सविस्तर लिही, फोनवर तू "चाललंय" म्हणतोस त्याने काही कळत नाही.

आणि एक काम कर. गुरुजींना फोन कर. तू लाडका, तुझ्याशी बोलतात. तळ्याचा विषय काढ, ढगाच्या सावलीवरून भांड, आणि बोलता बोलता सहज विचार की त्या स्कीवर किती वजन चालायचं. १५०० म्हणाले तर मला लगेच कळव. दुसरं काही म्हणाले तरी कळव, फक्त त्यांना दुरुस्त करू नकोस.

तुझा,
पक्या