पांढऱ्या रश्श्याची कृती विचारली तर

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. संग्राम यास,
अनेक आशीर्वाद.

गिऱ्हाईकाला कृती सांगायची की नाही, हे तुझ्या पुण्याच्या खानावळीत तूच ठरव. नाही सांगायची म्हणालास तरी मला राग नाही. पण अर्धवट सांगणं मला पटत नाही. त्या बाईंना तू पांढऱ्या रश्श्याचं सगळं सामान सांगितलंस आणि नारळाचं दूध पडल्यावर रस्सा उकळायचा नाही, एवढंच मुद्दाम गाळलंस. घरात पाहुणे बसलेले असताना त्यांचा रस्सा फुटला. "जमत नाही म्हटल्यावर इथंच येतील" असं तू फोनवर म्हणालास, ते मला फार लागलं. तुझं जेवण आवडलं म्हणून त्या विचारायला आल्या होत्या.

सांगायचं तर नीट सांग. पांढऱ्यासाठी अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, काढताना हळद घालायची नाही, रंग जातो. खसखस भिजवून तीळ आणि काजूबरोबर अगदी गंधासारखी वाटायची. खडा मसाला, आलं-लसूण परतून त्यात हे वाटण, मग अळणी. उकळी येऊन गेली की आच बारीक करायची, तेव्हाच दूध घालायचं आणि हात न थांबवता ढवळत राहायचं. वाफ दिसली की उतरवायचं. यात लपवण्यासारखं काय आहे? कोल्हापुरात घरोघरी हेच करतात.

कृती कळली की माणसं यायची थांबतील, ही तुझी भीती मला समजते. मी मात्र उलटंच बघत आले. ज्यानं एकदा घरी तांबडा, पांढरा, सुकं असं सगळं करून वर भाकऱ्या थापल्या, तो ताटाच्या दरावरून परत हुज्जत घालत नाही.

तू कोका-कोलाचा दाखला दिलास. १९७७ साली सरकारनं परदेशी मालकी ४० टक्क्यांवर आणा आणि सूत्रही द्या म्हटल्यावर ती कंपनी देश सोडून गेली, ते थेट १९९३ ला परत आली, हे खरं. पण तिचा सगळा माल त्या सूत्रावर उभा आहे. आपलं तसं नाही. आपली चव उन्हाळ्यात कांडून आणतो त्या मिरची-मसाल्याच्या चटणीत आहे, आणि ती कागदावर मावत नाही. रंगाला ब्याडगी मिरची, चवीला संकेश्वरी, झणक्याला लवंगी. किलोभर मिरचीला पाव किलो धणे, तेवढंच खोबरं, हे मी कुणालाही सांगते. पण मिरची दरवर्षी सारखी येत नाही. एखाद्या साली संकेश्वरीच इतकी तिखट निघते की लवंगीला हात लावायचा नाही. देठ खुडताना, उन्हात वाळवताना, मसाला तळताना बघून ठरवावं लागतं. कांडपाला न्यायच्या आधीच चटणी निम्मी ठरलेली असते. हे शिकायला माणसाला चार उन्हाळे शेजारी बसावं लागतं.

आणि तू आता चटणीची पाकिटं विकायची म्हणतोस. मग त्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावेच लागतील, कायदाच आहे. मग तोंडानं लपवून काय मिळणार?

समोर दुकान टाकायचं म्हणून कुणी कृती मागायला आला, तर मात्र सरळ नाही म्हण. फार तर "कामाला ये, शिकून जा" म्हण. घरच्यांसाठी विचारणारा आणि विकायला विचारणारा यात फरक करायचा तुला पूर्ण हक्क आहे. फक्त एका प्रश्नाला कधी नाही म्हणू नकोस. शेंगदाणे आहेत का, काजू आहेत का, तीळ आहेत का, असं कुणी विचारलं की हातातलं काम सोडून खरं उत्तर दे. एखाद्याला ते सोसत नाहीत, त्यात जीवही जातो. वाढणाऱ्या पोरांनाही हे सांगून ठेव. त्यांना माहीत नसेल तर त्यांनी अंदाजानं बोलायचं नाही, आत येऊन विचारायचं.

आता आक्कांचं. सुक्क्या मटणाचं वाटण माझं नाही, तुझंही नाही, ते आक्कांनी त्यांच्या माहेराहून आणलंय. आपल्या चुलीपुढं त्यांची उमर गेली. पगार दिला म्हणून त्यांच्या हातचं आपल्या मालकीचं होत नाही. तू मोबाईलवर त्याचा व्हिडिओ टाकणार म्हणालास, तेव्हा त्यांना विचारायचं तुला सुचलं नाही, म्हणून मी काल विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगू दे की, पण माझ्या गावाचं नाव घे म्हणावं." तेव्हा व्हिडिओत त्यांचं आणि गावाचं नाव आधी घे, मग वाटण दाखव. त्यातनं पैसे आले तर त्यांचा वाटा किती, हे आधी त्यांच्याशी बोलून ठरव. मी मध्ये पडणार नाही.

त्या बाईंचा नंबर तुझ्याकडं असेल. आजच फोन कर आणि दुधाचं सांग.

तुझी,
आई