मॉरिशसचा दगड आणि तुझ्यासाठी एक काम

पुणे,
२० नोव्हेंबर

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

गुडघ्याच्या ऑपरेशनला महिना झाला ना आता? फोनवर तू "मस्त आहे" एवढंच म्हणतोस, पण वहिनींनी सुनीताला सगळं सांगितलंय. व्यायामाचा कंटाळा करतोस आणि शाळेत जायची मात्र घाई. असं करू नकोस रे. आठ दिवसांत किती वेळा "दिगू, हे बघ" असं तोंडाशी आलं आणि तसंच गिळलं, ते माझं मलाच माहीत. ही सहल आपण दोघांनी मिळून ठरवली होती. म्हणून फोनवर थोडक्यात न सांगता सविस्तर लिहायला बसलोय.

निघताना तू एकच मागणं केलं होतंस, तिथला एक दगड. तो आणलेला नाही. का ते सांगतो, म्हणजे तुझा राग जाईल.

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाकडे आहे. बाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस, आणि मधूनमधून लालभडक गुलमोहर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पेटणारा गुलमोहर तिथे नोव्हेंबरात फुलतो, कारण त्यांचा उन्हाळा आता सुरू होतोय. तोडणी संपत आलेली होती, त्यामुळे निम्मीअधिक शेतं मोकळी होती. त्या मोकळ्या शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग. आपल्या बांधावर असतात तसे नव्हेत. घराएवढे, काही तर दुमजली घराएवढे, कडा नीट रचलेल्या, पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळते होत गेलेले. मला आधी वाटलं, जुनी देवळं असतील.

आमची गाडी चालवणारे गृहस्थ साठीच्या घरातले, मराठी. पाच-सहा पिढ्या तिथेच. घरात क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली बोलतात, मराठी शाळेत शिकले, गणपतीच्या आरत्या मात्र आजीकडून. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, आणि आपल्या कोकणातली जाखडी तिथे "झाकरी" म्हणून अजून नाचतात, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मी त्या ढिगांबद्दल विचारलं तर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "हे आमच्या माणसांनी उचललं."

दिगू, सगळं बेट लाव्ह्याचं आहे. ऊस लावायचा तर आधी जमिनीतले दगड वेचावे लागायचे, आणि ते वेचले हातांनी. आधी गुलामांनी, मग करारावर आणलेल्या मजुरांनी. मी उतरून एका ढिगाजवळ गेलो. खालच्या थरातले दगड दोन माणसांनाही सहज हलले नसते. एकावर हात ठेवला. उन्हाने तापलेला, खरखरीत, अंगभर वाटाण्याएवढी भोकं. आपल्या सह्याद्रीच्या दगडातही अशी भोकं असतात, पण ती पांढऱ्या झिओलाइटने भरून गेलेली असतात. आपण घाटात वेचायचो ते चमकणारे खडे आठव. इथली भोकं मोकळी. दगड अजून तरुण आहे, भरायला वेळच मिळालेला नाही. एक छोटा तुकडा मी उचललाही होता तुझ्यासाठी. मग पुन्हा त्या ढिगाकडे पाहिलं आणि तो होता तिथे ठेवून दिला.

तू नववीच्या वर्गात फळ्यावर जी आकृती काढतोस, ती मी तिथे डोळ्यांनी पाहिली असं म्हणायला हरकत नाही. खाली एका जागी स्थिर असलेला हॉटस्पॉट, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून विस्तव वर येण्याची जागा, आणि वरून सरकत जाणारं भूकवच. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत त्याच्यावर होता तेव्हा दख्खनचं पठार ओतलं गेलं. भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी माळ राहिली. मग ८०-९० लाख वर्षांपूर्वी त्याच विस्तवातून मॉरिशस वर आलं, आणि आज तो विस्तव शेजारच्या रीयुनियन बेटावर पेटतो. तिथला ज्वालामुखी अजून वरचेवर लाव्हा ओकतो. म्हणजे हरिश्चंद्रगडाचा कडा थोरला आणि मॉरिशस धाकटं. हे तुझ्याकडून शंभरदा ऐकलं होतं. पण दक्षिणेला सुयाक गावाजवळ रोचेस्टर नावाचा धबधबा आहे, तिथे उभा राहिलो तेव्हा ते अंगात उतरलं. धबधबा फार उंच नाही. पण पाणी पडतं ते उभ्या चौकोनी खांबांवरून, जणू कुणी पाथरवटाने छिन्नीने ताशीव काम केलंय. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब बघायला आपण लोकलने गेलो होतो, आठवतं? तेच खांब, फक्त इथे अंगावरून पाणी वाहतंय आणि वर पोरं उड्या मारायला रांगेत उभी.

आता किनारे. वहिनींना त्यांचंच ऐकायचं असेल, म्हणून हा भाग त्यांना वाचून दाखव. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिथेच फुटतात, किनाऱ्यापासून चांगल्या लांब. एक पांढरी रेघ दिसते आणि दिवसरात्र दूरच्या आगगाडीसारखी घरघर ऐकू येत राहते. भिंतीच्या अलीकडचं पाणी तळ्यासारखं निवांत. आम्ही पश्चिमेला फ्लिक आं फ्लाकला राहिलो होतो. सुनीताला पाण्याची भीती, गणपतीपुळ्याला कधी घोट्यावर पाणी येऊ दिलं नाही तिने. इथे दुसऱ्या दिवशी सकाळी छातीएवढ्या पाण्यात उभी राहून मला हाका मारत होती, पायाशी मासे दिसतायत म्हणून. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही.

वाळू ओंजळीत घेतली तर ती वाळू नव्हेच. प्रवाळाचे कण, शिंपल्यांचे तुकडे, शंखांची टोकं. तिथे पोपटमासा म्हणून एक मासा आहे, तो चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतो आणि त्याचा चुरा पोटातून बाहेर टाकतो. त्या पांढऱ्या वाळूतला बराचसा भाग असा त्याच्या पोटातून आलेला. किनाऱ्यावर सुरूची झाडं, आपल्या कोकणात आहेत तशीच, आणि रविवारी त्या सुरूखाली गावंच्या गावं डबे घेऊन आलेली. आम्हाला एका कुटुंबाने बोलावून डाळपुरी खायला घातली. आपल्या पुरणपोळीची तिखट-मिठाची बहीण म्हण, आत हरभऱ्याच्या डाळीचं भुरभुरीत सारण, वर टोमॅटोचा रस्सा. चार खाल्ल्या.

आग्नेयेकडच्या ब्लू बेला काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघितलं. काही ठिकाणी मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं, जिवंत, तपकिरी. काही ठिकाणी मात्र हाडासारखं पांढरं पडलेलं. समुद्र तापला की असं होतं, आणि बघताना पोटात कालवतं. तिथून जवळच २०२० च्या जुलैमध्ये वाकाशियो नावाचं जपानी मालकीचं जहाज प्रवाळावर चढलं होतं आणि सुमारे हजार टन तेल पाण्यात सांडलं. होडीवाला सांगत होता की लोकांनी वाट बघितली नाही. उसाचं पाचट पोत्यांत, कापडी नळ्यांत भरलं, त्यांचे लांब बांध करून पाण्यावर सोडले, आणि तेल अडवलं. घराघरांतून माणसं किनाऱ्यावर उतरली होती. तो हे सांगत होता तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

पण मला विचारशील तर मॉरिशसचा खरा समुद्र दक्षिणेला ग्री ग्रीला. तिथे ती भिंत तुटली आहे, म्हणून हिंदी महासागर सरळ काळ्या कड्यावर येऊन आदळतो. हॉटेलं नाहीत, छत्र्या नाहीत, पोहायला बंदी. वारा एवढा की बोलणं ऐकू येत नाही. थोडं पुढे गेलं की रडणारा खडक म्हणतात तो कडा. लाट त्याच्या अंगावर फुटते आणि मग कितीतरी वेळ कपारीकपारीतून पाणी निथळत राहतं. मी तिथे तासभर बसलो होतो. वेळणेश्वरच्या खडकांवर आपण पावसाळ्यात बसायचो ना, अगदी तसं.

क्युरपीपचं विवर आणि गंगा तलाव एका दिवसात केलं. विवराच्या तळाशी आता झाडी आणि थोडं पाणी, भोवती गाव वसलेलं. गंगा तलावही मुळात विवरातलंच तळं. महाशिवरात्रीला लोक कावडी घेऊन बेटभरातून तिथे पायी येतात. आम्ही गेलो तेव्हा दाट धुकं होतं, शंकराची ती १०८ फुटी मूर्ती गुडघ्यांपर्यंतच दिसली.

शामारेलला मात्र तू हवा होतास. सात रंगांची माती म्हणून सगळं जग तिथे फोटो काढायला येतं. लाल, तपकिरी, जांभळट, निळसर, पिवळी, अशा मातीच्या लाटा, त्यांच्यावर गवताचं पातं नाही. लोक कुंपणाला टेकून "वॉव" म्हणत होते आणि मला एकदम रत्नागिरीच्या चिऱ्याच्या खाणी आठवल्या. तेच तर आहे! काळा दगड, लाखो वर्षांचा उष्ण पाऊस, विरघळण्यासारखं सगळं वाहून जातं आणि मागे लोह आणि अॅल्युमिनियम राहतं. लोहाने लाल-तपकिरी, अॅल्युमिनियमने निळा-जांभळा. आपला जांभा घट्ट होऊन घराच्या भिंतीला लागला, इथली माती भुसभुशीत राहिली, एवढाच फरक. तुझ्या घराच्या जोत्याला हात लावून मी काय म्हणतोय ते बघ. पलीकडे ८० मीटरांहून उंच धबधबा आहे, तोही सुरेख, पण माझं मन त्या मातीतच अडकलं होतं.

ल मोर्नचा डोंगर शेवटच्या आदल्या दिवशी चढलो. ५५६ मीटर. आपल्याला उंचीचं काही नाही, पण वरचा टप्पा हातापायांनी चढायचा, आणि वय आता जाणवतं. मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्यावर लपून राहायचे. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा ती बातमी सांगायला शिपाई वर गेले, ते पकडायलाच आलेत असं समजून वरच्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असं तिथले लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. वरून खाली जे दिसतं ते इतकं देखणं आहे, निळ्याचे दहा प्रकार आणि त्यात ती पांढरी रेघ, की ही गोष्ट ऐकल्यावर तिकडे नुसतं बघतही राहवेना.

आणि आता तुझं काम. राजधानी पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, करारावर आणलेले मजूर जिथे उतरायचे ती जागा. २ नोव्हेंबर १८३४ ला भारतातले पहिले करारबद्ध मजूर मॉरिशसला पोचले, आणि पुढे जवळजवळ पाच लाख माणसं आली. बंदरातून आत जाणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या आहेत. काळ्याच दगडाच्या. आमचे ते गृहस्थ आमच्याबरोबर आत आले, पायऱ्यांपाशी चपला काढल्या आणि थोडा वेळ गप्प उभे राहिले. मग पाकिटातून एक घडी घातलेला कागद काढला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जुनी आगमन-नोंदणी जपून ठेवली आहे, तिथून त्यांनी आपल्या खापरपणजोबांची नोंद मिळवली होती. क्रमांक, वय, उंची, बंदर मुंबई, जिल्हा रत्नागिरी, तालुका संगमेश्वर. गावाचं नाव इंग्रज कारकुनाने ऐकू आलं तसं लिहिलेलं, "कुलुंबा" असं काहीतरी.

त्यांना जमीन नको आहे, नातेवाईकही शोधायचे नाहीत. त्यांच्या घरी दरवर्षी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, पण कुणापुढे ते नाव मधल्या एका पिढीत हरवलं. नुसतं "आमच्या गावच्या देवा" म्हणतात. त्या देवाचं नाव तेवढं त्यांना हवंय.

कोळंबे असेल की कळंबस्ते, की तिसरंच एखादं, हे तुझ्याइतकं कोण सांगणार? तुझे विद्यार्थी तालुक्याच्या वाडीवाडीत आहेत. जुन्या माणसांना विचार, गुरवांना विचार, कुणाच्या घरातलं माणूस "मिरच देशाला" गेल्याचं ऐकिवात आहे का ते बघ. मॉरिशसला तेव्हा मिरच म्हणायचे. आडनाव आणि नोंदीतला मजकूर वेगळ्या कागदावर लिहून या पाकिटातच ठेवलाय. मी त्यांना शब्द दिलाय, तुझ्या जिवावर.

गुडघा नीट वाकायला लागला की मला कळव. मी गाडी घेऊन येतो, संगमेश्वरला दोघं मिळून जाऊ. तोवर व्यायाम चुकवू नकोस. काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश

ता. क. सुनीताने वहिनींसाठी शामारेलची कॉफी आणलीय, येताना घेऊन येतो. ती पोस्टाने पाठवायला तिचा जीव होत नाही.