बाबा, चाल तुमचीच आहे

प्रिय आई-बाबा,

मी मजेत आहे, हे आधी. तब्येत, ऑफिस, झोप हे सगळं रविवारच्या फोनवर होतंच, ते परत लिहीत नाही. फोनवर आई मधेच बोलते आणि विषय बदलतो, म्हणून जे राहून जातं तेवढंच लिहिते.

बाबा, तुम्ही दादाला म्हणालात म्हणे, पोरगी रात्री दोनला बुद्धिबळ खेळत बसते. नाही हो! लिचेसवर, म्हणजे आपण खेळतो त्या बुद्धिबळाच्या साइटवर, आपल्यासारख्या संथ, घड्याळ नसलेल्या डावात पुढची उत्तरं आधीच लावून ठेवता येतात, म्हणजे तुम्ही घोडा पुढे आणलात तर माझा उंट मागे, असं. तुम्ही सकाळी उठून घोडा हलवलात आणि माझं उत्तर आपोआप गेलं, इकडे रात्र होती, मी गाढ झोपेत होते. दुसरं काही खेळला असतात तर डाव माझ्यासाठी थांबला असता. आणि पैसे भरायचा प्रश्नच नाही, ती साइट फुकट आहे, जाहिरातीसुद्धा नाहीत, लोकांच्या देणग्यांवर चालते.

आई, "फोन उचलत नाहीस पण चाल बरी खेळतेस" हे तुझं ऐकलं. अगं, चाल लिफ्टमध्ये उभ्या उभ्या होते. तुझ्याशी अर्ध्या मिनिटात बोलून फोन ठेवता येतो का, तूच सांग.

आता मेन मुद्दा. बाबा, रोज सकाळी "चाल?" असा मेसेज करू नका ना. मुदत नसलेल्या डावात असं विचारत नाहीत, मलाही हे आधी विचित्रच वाटलं होतं. इकडे ऑफिसातल्या लोकांबरोबर बोर्ड गेम अरेना या साइटवर टेराफॉर्मिंग मार्स नावाचा पत्त्यांचा-पटाचा खेळ चालू आहे, त्यात एक जण तीन तीन आठवडे गायब असतो, मग उगवतो, एक कार्ड टाकतो, परत गायब, सॉरी नाही काही नाही, आणि कुणी चिडतही नाही कारण घड्याळ लावायचं नाही हे सुरुवातीलाच सगळ्यांनी मान्य केलेलं असतं आणि प्रत्येकाचे असे चार-पाच डाव एकदम चालू असतात. ज्याला दम नाही त्याने चालीला एक ते चौदा दिवस अशी मुदत लावावी, ती सोय लिचेसवर आहेच. वाईट काय समजतात, तर हरायला लागलं की न सांगता निघून जाणं. त्यापेक्षा सरळ डाव सोडावा. आणि आपला बिनमुदतीचा डाव रेटिंगमध्ये, म्हणजे खेळाडूच्या गुणांमध्ये, धरतही नाहीत, मग घाई कशाला? मागचा विचार विसरायला होतं हे खरं, त्यासाठी डावाशेजारी नोंद लिहायला जागा आहे, ती मला दिसत नाही, बिनधास्त लिहा. सुरुवातीच्या चाली पुस्तकात बघितल्या तरी कॉपी धरत नाहीत. फक्त कॉम्प्युटरला विचारायचं नाही, आणि दादाला शेजारी बसवून विचारायचं तेही नाही (ती वजिराची चाल तुमची नव्हती, मी ओळखलं).

पूर्वी लोक पोस्टकार्डावर एकेक चाल पाठवायचे, त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५१ पासून आहे. तेसुद्धा दिवस मोजायचे म्हणा, आपण तेवढंही करत नाही.

बरं, पैसे दादाच्या खात्यात टाकलेत. हप्ता जाऊन उरतील ते आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला, ते आता पुढे ढकलू नका. दादाच्या लग्नाची तारीख माझ्या सुट्टीसाठी अडवू नका, ठरली की तिकीट काढते, खरंच काढते, मागच्या वेळसारखं नाही होणार. आणि आई, त्या मुलाच्या घरच्यांनी परत विचारलं हे दादाने सांगितलं. फोटो मी बघितलाय. त्यांना असं लटकवून ठेवणं बरं नाही हे मलाही कळतं गं, या रविवारी हो की नाही ते सांगते. तेव्हा बाबांना जवळ बसव, दादाला नको.

तुमची,
छोटी